फोर्ट विल्यम कॉलेजातला मराठीचा वर्ग

फोर्ट विल्यम कॉलेज फोर्ट विल्यमच्या किल्ल्यात कधीच भरले नाही. ते भरायचे लाल दिघीच्या उत्तरेला, रायटर्स बिल्डिंगमध्ये. टॉमस लायन यांनी १७७७ च्या सुमारास ही इमारत उभी करायला घेतली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांच्या राहण्यासाठी. या कारकुनांना ‘रायटर’ म्हणत, म्हणून इमारतीचे हे नाव. पुढे तिला आजचा लाल विटांचा दर्शनी भाग मिळाला, वर पुतळे बसले आणि बंगालचे सरकार तिथून चालू लागले. बिबादी बागेत बस पकडायला तिच्यासमोर रोज उभे राहणाऱ्या आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल, की इंग्रजीतले पहिले मराठी व्याकरण, पहिला मराठी-इंग्रजी कोश आणि मोडी लिपीतली पहिली छापील पुस्तके या इमारतीतल्या एका वर्गासाठी तयार झाली. कोलकात्यातल्या मराठी माणसांच्या स्मरणिकेत या कॉलेजचा इतिहास यायला हवा तो यासाठी. आपल्या संस्था पुष्कळ नंतरच्या. मराठीचा या गावातला पहिला संसार हा.

कॉलेजची जन्मतारीखही सरळ नाही. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने स्थापनेचा कायदा मंजूर केला १० जुलै १८०० रोजी. पण त्यावर तारीख घातली ४ मेची. आदल्या वर्षीच्या ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले होते आणि टिपू सुलतान मारला गेला होता. त्या विजयाच्या पहिल्या वाढदिवसालाच कॉलेज जन्मले असे कागदोपत्री दिसावे, ही वेलस्लीची हौस. शाळा काढताना किल्ला घेतल्याची तारीख शोधणारा हा माणूस होता, एवढे लक्षात ठेवले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

विलायतेहून सोळा ते अठरा वर्षांची पोरे येत. घरी त्यांना शिकवलेले असे हिशेब आणि पत्रलेखन, कारण कंपनी मुळात दुकानदारांची. इथे मात्र त्यांना न्यायाधीश, कलेक्टर, दरबारातले वकील व्हायचे होते. फारसी येत नसे, देशी भाषा येत नसत, मुनशी सांगेल ती पूर्व दिशा. भरीला फ्रान्समधल्या क्रांतीचे वारे. नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तपर्यंत येऊन ठेपला होता आणि त्या मतांची लागण आपल्या पोरांना होऊ नये, हेही वेलस्लीने स्पष्ट लिहून ठेवले आहे. म्हणून तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला गेला. भाषा, कायदा, इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्रदेखील. शिकवायच्या भाषांच्या यादीत अरबी, फारसी, संस्कृत, हिंदुस्तानी, बंगाली, तेलुगू, तमिळ, कानडी यांच्याबरोबर मराठीचे नाव पहिल्या दिवसापासून होते. तास सुरू झाले २४ नोव्हेंबर १८०० रोजी, आधी अरबी, फारसी आणि हिंदुस्तानीचे. मराठीला शिक्षक मिळायला आणखी चार वर्षे जायची होती.

कलकत्ता आणि मराठा हे नाते तोवर साठ वर्षांचे जुने होते आणि ते भीतीचे होते. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये बंगालवर चालून आले. पश्चिम बंगालची गावेच्या गावे लुटली गेली, जाळली गेली. ‘बरगी’, म्हणजे मराठे स्वार, आले म्हणून मुलांना घाबरवणारी अंगाई बंगालच्या घराघरात अजून म्हणतात आणि आपल्या मुलांनाही ती शेजारणींकडून ऐकायला मिळते. त्याच वर्षी कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाले, मराठे काही शहरापर्यंत आले नाहीत आणि काम तिथेच राहिले. बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने १७४४ मध्ये भास्कररामांना भेटीला बोलावून दग्याने मारले. पण स्वाऱ्या थांबल्या त्या १७५१ च्या तहाने. ओडिशा मराठ्यांकडे गेला आणि बंगालच्या नवाबाने सालीना बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. अर्धा खंदक पुढे कचरा टाकायला उपयोगी पडला. १७९९ पासून तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढला गेला, आजचे आचार्य जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रोड. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली मात्र शाबूत आहे. खंदक बुजवण्याची आणि मराठी शिकण्याची सोय एकाच गव्हर्नर जनरलच्या कारकिर्दीत व्हावी, यात मला विरोध दिसत नाही. ज्या शत्रूची भीती ओसरली त्याच्या कागदपत्रांची गरज सुरू होते.

ती गरज कधी उभी राहिली हे तारखांवरून दिसते. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. त्यानंतरच्या युद्धात वेलस्लीचा भाऊ आर्थर सप्टेंबर १८०३ मध्ये असईला जिंकला, नोव्हेंबरात अडगावला जिंकला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना कटक आणि बालासोर कंपनीला द्यावे लागले. बंगाल आणि मद्रास इलाखे समुद्रकाठाने जोडले गेले. कटकेत अर्ध्या शतकाची मराठी सत्ता, म्हणजे तिचे दफ्तर, सनदा, हिशेब. नागपूरच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट आता कायमचा बसणार. तह डिसेंबर १८०३ चा आणि कॉलेजात मराठीचा वर्ग १८०४ चा. यापेक्षा उघड कारण शोधायला नको.

शिक्षक मिळाला तो मात्र राज्यकर्त्यांच्या वर्गातला नव्हता. विल्यम कॅरी १७६१ साली इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावी जन्मले आणि तरुणपणी जोडे शिवून पोट भरत. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णने त्यांच्या वाचनात आली आणि त्यांना जगाचे वेड लागले. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला जगाचा नकाशा लावला होता. कुठल्या देशात किती माणसे, कोणता धर्म, हे त्यात भरत राहायचे. चामड्याच्या तुकड्यांचा पृथ्वीगोल शिवल्याचीही आठवण सांगतात. कुकने ताहितीला जाऊन शुक्राचे अधिक्रमण पाहिले, ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा नकाशावर आणला, त्या साऱ्याचा या चांभारावर झालेला परिणाम असा, की जेवढे लोक सापडले तेवढ्यांना ख्रिस्ती केले पाहिजे. १७९२ मध्ये त्यांनी यावर पुस्तिका काढली, तीत देशोदेशींच्या लोकसंख्येची कोष्टके होती. शोधसफरींच्या शतकाने व्यापारी आणि सैनिक जगभर पाठवले हे आपण शाळेत शिकतो. व्याकरणे लिहिणारी माणसेही त्याच वाऱ्यावर आली.

कंपनीला मिशनरी नको होते. धर्माच्या नावाने गडबड झाली तर व्यापार बुडेल ही भीती. म्हणून कॅरी नोव्हेंबर १७९३ मध्ये कलकत्त्याला उतरले ते डेन्मार्कच्या जहाजातून. काही वर्षे मालदाकडे नीळ कारखान्यात काढून जानेवारी १८०० मध्ये ते श्रीरामपूरला गेले. श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या राजाचे गाव, फ्रेडरिक्सनगर. हा हुगळीचा काठच तसा. वर बंडेलला पोर्तुगीजांचे १५९९ चे चर्च, चिनसुऱ्याला डच, चंदननगरला फ्रेंच, श्रीरामपूरला १७५५ पासून डॅनिश, खाली कलकत्त्याला १६९० पासून इंग्रज. लिस्बनपासून कोपनहेगनपर्यंतचे सगळे दर्यावर्दी एका नदीच्या काठाने, लोकलच्या तासाभराच्या अंतरात ओळीने बसलेले. युरोपात दोन राजांचे बिनसले की इथे हुगळीवर झेंडा बदले. मे १८०१ मध्ये इंग्रजांनी श्रीरामपूर ताब्यात घेतले ते असेच, डेन्मार्क तटस्थांच्या गटात गेला म्हणून. आणि याच सुमारास कॅरींना इंग्रजांच्या कॉलेजात नोकरी मिळाली, बंगाली आणि संस्कृत शिकवण्याची. पगार दरमहा ५०० रुपये. प्राध्यापक हा हुद्दा मात्र दिला नाही, कारण ते इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे नव्हते, बाप्टिस्ट होते. प्राध्यापकपद आणि हजार रुपये मिळाले ते १८०७ मध्ये. तोवर मराठीही त्यांच्याकडे आली होती. आठवड्यातले काही दिवस नावेने नदी उतरून कलकत्त्याला, उरलेले श्रीरामपूरच्या छापखान्यात, असा त्यांचा पुढच्या जवळजवळ तीस वर्षांचा क्रम.

पण कॅरींना मराठी शिकवली कोणी? महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नाही. कॉलेजातल्या मराठीच्या मुख्य पंडितांचे नाव वैजनाथ. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांना नागपूरचे म्हणतात. बंगालीच्या बाजूचे मृत्युंजय विद्यालंकार, रामराम बसू यांची चरित्रे बंगाली अभ्यासकांनी खणून काढली, त्यांचे पगारही आपल्याला ठाऊक आहेत: मुख्य पंडित मृत्युंजय यांना २०० रुपये आणि रामराम बसूंना ४०. वैजनाथ पंडितांच्या वाट्याला मात्र मराठीत ओळी-दोन ओळी आल्या. कॅरींनी कोशाच्या प्रस्तावनेत त्यांचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे, एवढे बरे. कॉलेजची रीत अशी होती, की गोरा शिक्षक आठवड्यातून काही तास व्याख्यान देई आणि प्रत्यक्ष घोटून घेण्याचे काम पंडित-मुनशी करीत. कोशातला शब्द कोणत्या अर्थी कुठे वापरतात, हे नागपूरकडच्या ब्राह्मणाने सांगायचे आणि नॉर्थॅम्प्टनशायरच्या माणसाने इंग्रजीत उतरवायचे. पुस्तकावर नाव एकाचे आले.

कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले. त्यात मराठी मजकूर बाळबोधात, म्हणजे देवनागरीत आहे, कारण छपाईसाठी मोडीचे खिळे तयार नव्हते. त्याच वर्षी मत्तयकृत शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर निघाले. हे १८०५ साल मराठी छपाईच्या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने याच वर्षी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली गीता छापली गेली. पुण्यात नाना फडणिसांच्या हयातीत रेसिडेंट मॅलेटच्या उत्तेजनाने सुरू झालेला तो खटाटोप तिथे तडीस गेला. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये सखण्णा पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी, ‘बालबोध मुक्तावली’, बाहेर पडल्या. मिरज, तंजावर, श्रीरामपूर. एकमेकांची खबर नसलेल्या तीन ठिकाणी वर्षा-दोन वर्षांच्या आत बाळबोध कागदावर उमटली, आणि पुणे त्या तिन्हींत नाही.

त्याआधी गोव्यात काय झाले ते विसरता येत नाही. हिंदुस्थानातला पहिला छापखाना सप्टेंबर १५५६ मध्ये गोव्याला उतरला, तोही इथे यायचा म्हणून निघालेला नव्हता, ॲबिसिनियाला जायचा होता. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले: भाषा मराठी, अकरा हजारांच्या आसपास ओव्या आणि लिपी रोमन. पुढे पोर्तुगीज सरकारने देशी भाषांवरच बंदी घातली आणि तो धागा तुटला. रोममध्ये १७७८ साली एक मराठी व्याकरण पोर्तुगीज भाषेत निघाले. म्हणजे श्रीरामपूरच्या आधी दोनशे वर्षे मराठी छापली जात होती. ती मराठी माणसाच्या अक्षरांत नव्हती.

मराठी माणसाचे रोजचे अक्षर त्या काळी मोडी. बाळबोध पोथीसाठी, मोडी व्यवहारासाठी. ज्याला कटकेचे किंवा नागपूरचे कागद वाचायचे त्याला मोडीवाचून गत्यंतर नव्हते, तेव्हा कॉलेजला मोडीतली पुस्तके हवी होती. हे काम किती अवघड, ते मोडीचे कागद पाहिलेल्यालाच कळेल. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग लेखणी न उचलता अक्षरे तिला टांगत जातो. एक अक्षर दुसऱ्यात शिरते, काना लागला की मूळ अक्षराचा आकारच बदलतो, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड ठेवलेलीच नाही. सगळी लिपी हात थांबू नये म्हणून घडलेली, आणि छपाईचा खिळा तर मुळातच सुटा. प्रत्येक अक्षर पोलादी सळईच्या टोकावर उलटे कोरायचे, ते तांब्यावर ठोकून साचा पाडायचा, साच्यात शिशाचा रस ओतायचा, आणि असे ओतलेले शेकडो सुटे खिळे शेजारी शेजारी मांडल्यावर रेघ अखंड दिसली पाहिजे. एका खिळ्याची उंची केसभर चुकली तर रेघेला पायरी पडते.

हे ज्यांनी केले ते लोहाराचे घराणे होते. पंचानन कर्मकार यांनी चार्ल्स विल्किन्स यांच्या हाताखाली बंगाली खिळे कोरले. हालहेडचे बंगाली व्याकरण १७७८ मध्ये हुगळीला त्या खिळ्यांनी छापले गेले. पुढे कॅरींनी पंचाननांना श्रीरामपूरला आणले. त्यांच्या मागे जावई मनोहर यांनी ती ओतशाळा चालवली आणि बंगाली, देवनागरी, ओडिया, अगदी चिनीसुद्धा खिळे तिथून निघाले. मोडीचे खिळे याच ओतशाळेतले. १८१० मध्ये कॅरींचा मराठी-इंग्रजी कोश बाहेर पडला, त्यातले मराठी शब्द मोडीत आहेत. मोडी ज्यांच्या गावाचीही नाही, भाषाही ज्यांची नाही, अशा बंगाली कारागिरांनी ती पहिल्यांदा धातूत उतरवली. बरगींच्या स्वाऱ्या ज्या जिल्ह्यांतून गेल्या त्यातलेच हुगळी हे एक. तेव्हाच्या त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना मराठा म्हटले की काय आठवत असेल याची कल्पना करावी.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागदाचा प्रचंड साठा, चौदाएक भाषांतले खिळे, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळाली. कॅरी त्या वेळी कलकत्त्याला होते. तेलुगू व्याकरणाचे आणि अनेक भाषांच्या तौलनिक कोशाचे काम त्यांच्या माघारी राख झाले. वाचली ती मुद्रणयंत्रे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोलादी ठसे आणि तांब्याचे साचे. छापखाना सांभाळणाऱ्या वॉर्ड यांनी ढिगाऱ्यातला वितळलेला धातू गोळा करून घेतला आणि मनोहर यांची माणसे दिवस-रात्र पाळ्या लावून तोच धातू पुन्हा खिळ्यांत ओतू लागली. काही महिन्यांत छपाई पहिल्यासारखी चालू झाली. मोडीतली गोष्टींची पुस्तके निघाली ती या आगीनंतर.

ती पुस्तके अशी: ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४, ‘हितोपदेश’ १८१५, ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ १८१६, आणि त्याच सुमारास रघूजी भोसल्यांची वंशावळ. वैजनाथ पंडितांचे हात या सगळ्यांत आहेत. पहिली दोन नावे ओळखीची वाटतात, कारण कॉलेजात प्रत्येक भाषेसाठी हाच ठरलेला खुराक होता. बंगालीत मृत्युंजय विद्यालंकारांनी ‘बत्रिश सिंहासन’ १८०२ मध्ये केले होते. तिसरे नाव मात्र विलक्षण. प्रतापादित्य हा जेसोरचा राजा, अकबर-जहांगीरच्या काळातला, बंगालच्या बारा भुईयांपैकी एक. त्याच्या पदरी पोर्तुगीज तोफची होते आणि शेवटी मोगलांच्या फौजेने त्याला मोडले. त्याचे चरित्र रामराम बसूंनी १८०१ मध्ये लिहिले. बंगाली माणसाने लिहून बंगाली अक्षरांत छापलेले हे पहिले गद्य पुस्तक. सुंदरबनाच्या काठच्या या राजाची कथा मराठीत उतरली ती कोण्या मराठी वाचकाने मागितली म्हणून नव्हे. कॉलेजच्या कपाटात ती तयार होती आणि पाठ्यपुस्तक कमी पडत होते! बंगालीतून मराठीत गेलेल्या पुस्तकांची यादी पुढे फार लांबली, बंकिमचंद्र, शरद्‌बाबू आले. पण तिच्या तोंडाशी हे चरित्र आहे आणि ते हौसेने वाचलेले नाही, परीक्षेसाठी लिहिलेले आहे.

भोसल्यांच्या वंशावळीबद्दल वेगळे सांगायला नको. ज्या घराण्याच्या स्वारीमुळे शहराने खंदक खणला त्याच घराण्याचा वंशवृक्ष लाल दिघीकाठी इंग्रज पोरे मोडीत वाचत होती. पुढे-मागे त्यातल्या एखाद्याला वारसाहक्काच्या भानगडीत निवाडा द्यायचा असे. कोणाला मुलगा, कोणाचा दत्तक, कोणती शाखा थोरली, ही माहिती कंपनीच्या राज्यात फार मोलाची होती.

या पुस्तकांची भाषा कशी आहे? मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी तिला बहुधा निर्जीव, बोजड ठरवून पान उलटले आहे. ते अर्धे खरे. वाक्ये संस्कृताच्या ओझ्याने वाकलेली असतात. पण त्यांच्याकडून अपेक्षाच चुकीची होते असे मला वाटते. बंगाली मंडळी फोर्ट विल्यम कॉलेजला आपल्या गद्याचे जन्मघर मानतात आणि त्यावर भांडतातही, कारण त्याआधी बंगालीत गद्याची चाल फारशी नव्हती. मराठीला ती अडचण नव्हती. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची. पानिपतच्या बखरी, पेशव्यांची पत्रे, वाड्यावाड्यांतले रोजनामे, असे जोमदार, नेमके, वेळेला बोचरे गद्य मराठी कारकून दीडशे वर्षे लिहीत होता. त्याला गोष्टीच्या पुस्तकातून गद्य शिकवायची गरज नव्हती, आणि ही पुस्तके पुण्या-साताऱ्याला पोचलीही नाहीत. वैजनाथ पंडित ज्यांच्यासाठी लिहीत होते ते वाचक अठरा वर्षांचे, घामाने त्रस्त आणि बहुतेक कर्जबाजारी होते. कॉलेजच्या काळात तरुण साहेबांची उधळपट्टी हा कलकत्त्यात सदाचा तक्रारीचा विषय होता.

कंपनीच्या विलायतेतल्या संचालकांना तर हे कॉलेज सुरुवातीपासून डोळ्यांत खुपत होते. वेलस्लीने त्यांना न विचारता ते काढले, गार्डन रीचला त्यासाठी भव्य वास्तू उभारायचे मनात घेतले, शिवाय नवा गव्हर्नमेंट हाउस बांधला तो निराळाच. जानेवारी १८०२ मध्ये संचालकांनी कॉलेज बंद करण्याचा हुकूम काढला. हुकूम जहाजाने केपला वळसा घालून यायला कित्येक महिने लागत आणि उत्तर जायला तितकेच. वेलस्लीने त्या अंतराचा पुरेपूर फायदा घेतला. शेवटी तडजोड झाली. १८०६ मध्ये संचालकांनी इंग्लंडात आपले कॉलेज काढले, तेच पुढे हेलीबरीचे म्हणून प्रसिद्ध झाले. कायदा, इतिहास वगैरे तिकडे गेले आणि कलकत्त्याला फक्त भाषा उरल्या. रायटर्स बिल्डिंगमधला पसारा आवरला गेला, तरी मराठीचा वर्ग त्यातून वाचला हे विशेष.

त्याची खरी निकड मात्र १८१८ नंतर संपली. पेशवाई बुडाली, मराठी मुलूख बहुतेक मुंबई इलाख्यात गेला आणि मराठी शिकण्या-शिकवण्याचे केंद्र आपोआप मुंबईला सरकले. मुंबईत ‘पंचोपाख्यान’ १८२२ मध्ये छापले गेले. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि इतर शास्त्र्यांचा मराठी कोश १८२९ चा, मोल्सवर्थचा १८३१ चा. मोल्सवर्थपुढे कॅरींचा कोश अगदी लहान दिसतो. मुंबईकरांनी छपाईसाठी बाळबोध लिपी पसंत केली आणि ती टिकली. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हातानेच लिहिली जात राहिली. श्रीरामपूरच्या ओतशाळेत तिच्यासाठी घेतलेली मेहनत वाया गेली म्हणायची. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले तेव्हा कलकत्त्यातला मराठीचा वर्ग मोडलाही होता.

लॉर्ड बेंटिंकने काटकसरीची कात्री लावली ती १८३० च्या सुमारास. प्राध्यापकांच्या जागा रद्द झाल्या. कॅरी निवृत्तिवेतनावर गेले आणि ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरला वारले. कॉलेज आता परीक्षा घेण्यापुरते उरले. त्याचे ग्रंथालय मोठे होते. चार्ल्स मेटकाफ हा कॉलेजचा पहिला विद्यार्थी. १८०४-०५ मध्ये तो जनरल लेकच्या फौजेबरोबर होळकरांवरच्या मोहिमेत डीगच्या वेढ्यात होता. तोच १८३५ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल झाला आणि आपल्या जुन्या कॉलेजची ४,६७५ पुस्तके त्याने नव्या कलकत्ता पब्लिक लायब्ररीला देऊन टाकली. तिथून ती मेटकाफच्याच नावाच्या हॉलमध्ये गेली. पुढे कर्झनने त्या संग्रहातून इंपीरियल लायब्ररी केली आणि स्वातंत्र्यानंतर तीच अलीपूरच्या बेलव्हेडियरमधली नॅशनल लायब्ररी झाली. आपल्यातले जे विद्यार्थी तिथल्या वाचनकक्षात अभ्यासाला जातात ते एका परीने फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथालयातच बसलेले असतात.

डलहौसीने कॉलेज अधिकृतपणे बरखास्त केले जानेवारी १८५४ मध्ये. परीक्षांचे काम एका मंडळाकडे सोपवले. त्याच दिवसांत त्याच्या टेबलावर दुसरी एक फाइल होती. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले होते, औरस मुलगा नव्हता, दत्तकाचा प्रश्न होता आणि वंशावळी पुन्हा एकदा चाळल्या जात होत्या. १८५४ मध्येच नागपूर खालसा झाले.